सहा सत्ते बेचाळीस

(रजिस्टर पोस्टाने)

मु. पो. फुलसावंगी, ता. महागाव
दि. ४ ऑक्टोबर २०२४

प्रति,
श्री. नानाजीराव, यवतमाळ

विषय : बारा दिवसांच्या तफावतीबाबत.

सन्माननीय व्याहीबुवांस भगवानरावाचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, मोबाईलवर बोललेले नंतर कोणी कबूल करत नाही, हा गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणून माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. जे काय ते कागदावर असावे.

आपली कन्या व आमची सून सौ. निकिता हिला दिवस गेल्याचे समजल्यावरून दि. १ ऑक्टोबर रोजी तिला पुसदला नेऊन सोनोग्राफी केली. गोष्ट आनंदाची आहे. माझ्या धाकट्याला, पियुषला, मी पेढे आणायला पाठवलेसुद्धा होते. परंतु डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर गर्भाचे वय ‘सहा आठवडे शून्य दिवस’ असे छापलेले आहे. सहा सत्ते बेचाळीस. आणि माझा थोरला अंकुर पुण्याहून पोळ्यासाठी घरी आला तो १ सप्टेंबरच्या संध्याकाळी. त्याला तिकडे घर मिळेपर्यंत सूनबाई आमच्याकडे असतात, आणि जूनच्या पेरणीनंतर तो मधे एकदाही गावी आलेला नाही. १ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर तीस दिवस होतात. बेचाळीसातून तीस गेले, बारा उरतात.

मी चौतीस वर्षे शेतीची डायरी ठेवतो. तूर कोणत्या दिवशी पेरली आणि कितव्या दिवशी उगवली, हे मी कोणत्याही वर्षाचे सांगू शकतो. पेरणीच्या आधी उगवण झाल्याची नोंद माझ्या डायरीत एकदाही नाही.

१ ऑक्टोबरपासून बेचाळीस दिवस मागे गेल्यास २० ऑगस्ट येतो. त्या दिवशी सूनबाई राखीनिमित्त आपल्या घरी होत्या. १८ ला गेल्या, २३ ला परतल्या. तरी त्या दिवसांत आपल्या घरी कोण कोण आले-गेले, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

सूनबाईंना विचारले असता ‘डॉक्टर तसंच मोजतात’ एवढेच म्हणाल्या. त्यांना आरामासाठी पियुषसोबत एसटीने आपल्याकडे पाठवत आहे. अंकुरला कळवले आहे. गावात बोभाटा नको म्हणून फक्त चार जाणत्या लोकांना विश्वासात घेतले आहे.

कळावे,
भगवानराव

सोबत : सोनोग्राफीच्या कागदाची झेरॉक्स.

*

यवतमाळ
९ ऑक्टोबर २०२४

भगवानराव यांस,

तुमचं पत्र नानाजीला मिळालं. त्याने अर्धं वाचलं आणि तो दिवाणावर आडवा झाला. वहिनीने त्याला लिंबूसरबत दिलं आणि उरलेलं अर्धं मी वाचलं. मी रजनी, नानाजीची मोठी बहीण. लग्नात तुम्हाला दिलेल्या टोपीचं माप चुकलं तेव्हा तुम्ही ज्या बाईवर डाफरला होतात, तीच. एकतीस वर्षं इथल्या ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तुम्हाला पडलेला प्रश्न माझ्या वर्गातल्या पोरांनाही पडायचा. फक्त उत्तर मिळेपर्यंत ती कोणाला घराबाहेर काढत नसत.

लेखी खुलासा मागितला आहे, तो देते.

डॉक्टर पेरणीपासून मोजत नाहीत. पेरणी कोणत्या दिवशी झाली हे कोणी पाहिलेलं नसतं. बाईला पक्की ठाऊक असते ती एकच तारीख, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. (पाळी हा शब्द वाचून पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं असेल तर ठेवा आणि पाणी प्या. पुढे अजून आहे.) सगळे डॉक्टर तिथून मोजायला लागतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही तुरीचं वय बी पडल्या दिवसापासून धरता आणि डॉक्टर वावरातल्या मागच्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या त्या दिवसापासून. पऱ्हाट्या निघाल्या, वखर फिरला, जमीन तयार झाली, यात दोनेक आठवडे जातात. त्या दोन आठवड्यांत वावरात काहीही नसतं, तरी कागदावर पीक दोन आठवड्यांचं झालेलं असतं.

आता २० ऑगस्ट. त्या दिवशी सकाळी निकिताला पाळी आली. आदल्या दिवशी राखी झाली होती आणि त्या दिवशी तिला मामांकडे जायचं होतं, ते रद्द झालं. आमची वहिनी जुन्या वळणाची आहे. तिने पोरीला चार दिवस देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. या प्रकाराला मी जन्मभर नावं ठेवली, वहिनीशी भांडले. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला, साक्षीदार म्हणून. तुम्ही बारा महिन्यांतून नेमका तो दिवस निवडलात ज्या दिवशी तुम्हाला वाटतं ते होणं सर्वांत अवघड होतं.

व्हायचं ते झालं ३ सप्टेंबरच्या आसपास. तुमचे बैल सजून, मिरवून, पोळी खाऊन बसले होते, आणि तुमच्याच घरात, तुमच्याच डायरीपासून वीस पावलांवर एका पेशीच्या दोन झाल्या. नोंद तुमच्याकडून राहून गेली. दोनाच्या चार, चाराच्या आठ. चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा दिसणारा, डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्याएवढा गोळा. ९ तारखेला अंकुर पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसला, तेव्हा हा गोळा गर्भाशयात पोचून रुजायला जागा शोधत होता. २५ च्या सुमारास हृदयाची नळी हलायला लागली. त्या वेळी मेंदूची नळी दोन्ही टोकांना उघडीच असते. म्हणजे माणसाचं हृदय आधी सुरू होतं आणि डोकं नंतर बंद होतं. काहींचं जरा जास्तच बंद होतं.

१ ऑक्टोबरला पुसदच्या मशीनला जे दिसलं ते मुगाच्या दाण्याएवढं होतं. वाकडं, हातांच्या जागी दोन कोंब आणि मागे शेपूट. होय, शेपूट. तुमच्या घराण्याच्या वारसाला सध्या शेपूट आहे. महिनाभरात ती जाते. बहुतेकांची जाते. मुगाएवढ्या गर्भाला डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. तुम्ही म्हणता तसे बारा दिवस आणखी झाले असते, तर तो शेंगदाण्याएवढा दिसला असता. झेरॉक्सवर मिलिमीटर छापलेत, चष्मा लावून बघा.

आल्या-गेल्यांची यादीही देते. दूधवाला किसनसिंग, वय सत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. केबलवाला बबलू, दारातूनच परत गेला कारण आम्ही केबल बंद केली आहे. आणि मी. तिघांपैकी संशय कोणावर ते उलट टपाली कळवा.

पियुष निकिताला दारात सोडून पाणीही न पिता गेला. तिने आणलेली पिशवी अजून उघडलेली नाही. सकाळी तिला उलट्या होतात आणि मधल्या वेळात ती मला विचारते, आत्या, माझं काय चुकलं? भगवानराव, मी थट्टा करते आहे ती सवयीने. मला तुमचा अतिशय राग आलेला आहे.

रजनी

*

(रजिस्टर पोस्टाने)

फुलसावंगी
दि. १५ ऑक्टोबर २०२४

विषय : आपल्या खुलाशाने समाधान न झाल्याबाबत.

श्रीमती रजनीताई यांस रामराम.

आपले पत्र मिळाले. पुरुष माणसाला लिहू नये असे काही शब्द त्यात होते, तरी समितीच्या शिस्तीनुसार मी ते पूर्ण वाचले.

आपला खुलासा चौघांसमोर ठेवला. चौघे म्हणजे निवृत्त तलाठी, माजी हेडमास्तर, खत-बियाण्याचे दुकानदार आणि आता औषधांचे दुकान चालवणारे एक अनुभवी कंपाउंडर. हेडमास्तर म्हणाले, ‘बाई शिकलेली दिसते.’ परंतु पऱ्हाट्या उपटल्या त्याला वावरात कोणी पीक म्हणत नाही, असे दुकानदारांचे स्पष्ट मत पडले. डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, तो रिकाम्या वावराला दोन आठवड्यांचे पीक कसे म्हणेल? कंपाउंडर तर म्हणाले, ‘कागदावर हाय थे खरं हाय. मशीन कोनाच्या बापाचं ऐकत नाही.’ हे मत नोंदवून घेतले.

अंकुरशी फोनवर बोललो. त्यानेही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. बेचाळीसच आले. म्हणाला, ‘बाबा, तुमी म्हनता तर असंन.’ मुलगा समंजस आहे.

मिलिमीटर आम्ही पाहिले, परंतु मूग कोणत्या वाणाचा हे आपण लिहिलेले नाही.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपण संसार केलेला नाही. पुस्तकातून शिकलेले आणि स्वतः अनुभवलेले यात फरक असतो. मी दोन मुलांचा बाप आहे. माझे लग्न २ मे १९९४ रोजी बोरी अरब येथे झाले आणि अंकुर २५ जानेवारी १९९५ रोजी दारव्ह्याच्या दवाखान्यात झाला. डॉक्टरांनी कार्डावर ‘पूर्ण चाळीस आठवडे’ असे लिहून दिले. ते मला तोंडपाठ आहे, कारण ते कार्ड मी गावात सगळ्यांना दाखवले होते. ना एक दिवस इकडे, ना एक दिवस तिकडे. सरळ घरात सगळे असे वेळेवर होते.

तरी बाळ जन्मल्यावर डीएनए तपासणी करावी व तोपर्यंत सूनबाईंनी यवतमाळलाच राहावे, असा ठराव चौघांच्या उपस्थितीत एकमताने झाला आहे.

कळावे,
भगवानराव

*

यवतमाळ
१९ ऑक्टोबर २०२४

भगवानराव यांस,

ठराव मिळाला. मूग साधा, तुमच्या डब्यातला.

मी संसार केलेला नाही हे खरं आहे. बेडकाशीही मी लग्न केलं नव्हतं, तरी त्याचं हृदय कुठे असतं ते एकतीस वर्षं पोरांना बिनचूक दाखवलं.

तुमच्या पत्रातला शेवटचा भाग मला इतका आवडला की मी तो नानाजीला मोठ्याने वाचून दाखवला. तो दिवाणावरून उठून बसला. अंकुर पूर्ण चाळीस आठवड्यांचा होता, कार्डावर तसं लिहिलेलं आहे आणि कागदावर असतं ते खरं असतं. ठीक. आता तुमचीच पद्धत. चाळीस गुणिले सात, दोनशे ऐंशी. २५ जानेवारी १९९५ पासून दोनशे ऐंशी दिवस मागे जा. मी गेले. २० एप्रिल १९९४ येतो. तुमचं लग्न २ मेचं. मधे दिवस उरतात बारा.

बारा, भगवानराव. तेच बारा. तर त्या दिवसांत बोरी अरबला तुमच्या सासुरवाडीत कोण कोण आलं-गेलं, याचा खुलासा तुम्ही विमलताईंकडे मागितला होता का? आठ दिवसांची मुदत दिली होती का? का कार्ड गावभर दाखवण्याच्या नादात गुणाकार राहून गेला?

माझ्या पद्धतीने पाहिलं तर यात काही भानगडच नाही. २० एप्रिलच्या सुमारास विमलताईंची पाळी आली असणार, पुढचे दोन आठवडे रिकामे गेले, आणि अंकुर लग्नानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू झाला. तो तुमचा आहे, माझी खात्री आहे. स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही आणि समंजस म्हणवून घ्यायचं, हा गुण परका वाटत नाही. पण तुमच्या पद्धतीने पाहिलं तर काय होतं ते लिहायला माझा हात धजत नाही. एका घरात दोन पद्धती चालायच्या नाहीत. एक कोणती ती निवडा. वाटल्यास चौघांना बोलवा.

आणि समंजस मुलाला सांगा, निकिता दिवसातून दहा वेळा फोन हातात घेते. त्याचा फोन अजून आलेला नाही. पोरगी खायला बसते आणि उठते. तिच्या पोटातल्या जिवाचे हात, पाय, डोळे याच दिवसांत तयार होत आहेत. या दिवसांत तिला तुम्ही काय खाऊ घालताय ते एकदा बघा.

रजनी

*

बोरी अरब
३० ऑक्टोबर

रजनीताईले नमस्कार.

मी अंकुरची आई, विमल. सातवी शिकली, म्हनून जसं बोलतो तसंच लिवून राह्यली. मानून घ्या.

तुमचं दुसरं पत्र आलं तवा ह्यायनं वाचलं, घडी केली अन् तुरीच्या कोठीत टाकलं. ह्या मानसाले लपवाले दुसरी जागा नाही भेटली. कोठीतली तूर काढाले रोज मलेच जा लागते. पियुषकून वाचून घेतलं. वाचता वाचता पोट्टा थांबला. म्हनलं वाच ना, काहून थांबला? मंग त्यानं वाचलं. मले पह्यले हासू आलं. अन् मंग नाही आलं.

वीस एप्रिलची मले पक्की याद हाय. ह्याच आंगनात आमी लग्नाच्या शेवया करून राह्यलो होतो. मले पाळी आली अन् आजीनं शेवयाच्या पाटावरून उठवलं. तिनंच बोटावर मोजून सांगतलं, बरं झालं, लग्नात अडचन येत नाही. म्हंजे तवा मले बी उठवलं अन् औंदा तुमच्याइकडे निकिताले बी. दोघीयले सारखंच.

मी त्या चौघायले चहाले बलावलं. आलुपोहे केले. ह्यायले वाटलं, मले ठराव पसंत पडला. पेटीतून अंकुरच्या जन्माचं कार्ड काढलं, त्याच्यावर त्याच्या पायाचा शाईचा छाप हाय म्हनून मी जपून ठेवलं होतं. मधात ठेवलं अन् म्हनलं, भाऊ, निकिताचा निकाल केला तसा माह्या बी करा. पियुषले म्हनलं, कर गुनाकार. त्यानं केला. दोनशे ऐंशी. मांगं मोजत गेला. वीस एप्रिल. तलाठीभाऊ बशीत पाहात बसले. कंपाउंडर उठून चालला होता. म्हनलं, बसा. मशीन कोनाच्या बापाचं ऐकत नाही ना? मंग अंकुरचा बाप कोन, थे सांगून जा.

हे म्हनले, ‘विमल, तुह्याबद्दल कोनी काही म्हनून राह्यलं काय?’ म्हनलं, ‘तुमची पद्धत म्हनून राह्यली. तीस वर्सं तुमच्या घरात भाकरी थापल्या, अन् तुमच्या पद्धतीनं मी कोन झाली?’

मंग पिशवी भरली अन् इकडची गाडी धरली. सांगून आली, निकिता ज्या दारातून गेली त्याच दारातून वापस येईन, तवाच मी येईन. दिवाळी हाय तर डायरी उघडा म्हनलं, फराळ तिच्यातच सापडन.

आखीन एक हाय. निकिताले काढलं त्या दिवशी मी गॅसपाशी उभी होती. बोलली नाही. हे कागद वाचत होते अन् मी आयकत होती. तिच्या पिशवीत लाडू बांधून देल्ले, बस. लाडवानं काय होते? माहं बी चुकलं, ताई. हे तिले सांगजा. माह्या तोंडानं सांगाची हिंमत होऊन नाही राह्यली.

विमल

*

(रजिस्टर पोस्टाने)

फुलसावंगी
दि. ६ नोव्हेंबर २०२४

विषय : दि. ४ व दि. १५ ऑक्टोबरची पत्रे रद्द करण्याबाबत.

श्रीमती रजनीताई यांस रामराम.

उपरोक्त दोन्ही पत्रे या पत्रान्वये रद्द समजावीत.

पुसदच्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन भेटलो. तीन तास नंबर लावून बसलो. सगळ्या बायका, मी एकटा पुरुष. एका आजीने विचारले, ‘तुमाले काय होते?’ डॉक्टरीणबाईंनी एक गोल चकती फिरवून दाखवली. म्हणाल्या, ‘काका, ही चकती मी रोज चाळीसदा फिरवते. पण झेरॉक्स जोडून रजिस्टर पत्र पाठवणारे तुम्हीच पहिले.’ चकतीवर पहिल्या दोन आठवड्यांत खरोखर काही नाही. पांढरीच आहे.

सबब मोजणीच्या पद्धतीत चूक आढळून आली आहे. माझ्या गुणाकारात चूक नव्हती हेही नमूद करतो. हल्ली कागदावर काय छापले आहे हे समजावून सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो, त्यातून असे गैरसमज होतात.

चौघांना घरी बोलावून ठराव रद्द केला. कंपाउंडर गैरहजर होते, त्यांना त्यांच्या दुकानी जाऊन सांगितले. त्या वेळी तिथे गिऱ्हाईक होते, तरी सांगितले.

लक्ष्मीपूजनाला घरी मी आणि पियुष दोघेच. त्याने चिवडा विकत आणला, तो खवट निघाला. सौ. माझा फोन उचलत नाही. सूनबाईंनी आता यावे, म्हणजे तीही येईल. गाडी पाठवतो, एसटीची दगदग नको.

आता केवढे झाले असेल? कापसाच्या बोंडाएवढे झाले असेल काय? सहज विचारले.

आपला,
भगवानराव

*

यवतमाळ
११ नोव्हेंबर २०२४

बाबा,

नमस्कार. महिनाभर सगळी पत्रं माझ्याबद्दल गेली आणि आली. एक मीही लिहिते.

तुम्ही पत्रं रद्द केलीत, चौघांना सांगितलंत, कंपाउंडरच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर सांगितलंत. तुम्हाला ते किती जड गेलं असेल हे मला कळतं. तुमच्यावर मी रागावले होते, आता फार नाही. तुम्ही निदान विचारलंत. चुकीचं विचारलंत, पण नाव घालून, सही करून विचारलंत.

अंकुरने काहीच विचारलं नाही. ४ ऑक्टोबरपासून आजवर त्याचा एक मेसेज आला. ‘टेन्शन घेऊ नको, बाबा पाहून राह्यले.’ बाबा, ३ सप्टेंबरला त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. तुम्हाला आणि तुमच्या चौघांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. जगात फक्त त्याला माहीत होतं. त्याने कॅल्क्युलेटर काढला.

आत्याने मला सगळं समजावलं. डॉक्टर प्रत्येक बाईच्या कागदावर असे दोन आठवडे लिहितात ज्यांत कोणीच नसतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या रिकाम्या दिवसांत एक माणूस घुसवला. त्याला नाव नव्हतं, तोंड नव्हतं, तरी तुमच्या घरात माझ्यापेक्षा त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास जास्त बसला. हे मला फार लागलं. अजून लागतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, बोंडाएवढं झालं. शेपूट गेली. हातापायांची बोटं सुटी झाली. पापण्या आल्या आणि मिटल्या, आता त्या बरेच महिने उघडायच्या नाहीत. हे सगळं त्याच्या बापाच्या एका मेसेजवर झालं.

आई परवा बोरी अरबहून इकडे आल्या. मीच बोलावलं. माझी पिशवी मी त्यांच्यासमोर उघडली. तळाशी लाडू होते, बुरशी आलेले. आम्ही दोघी रडलो आणि मग त्यांनी नवे केले. त्या सध्या आमच्या स्वयंपाकघरात आहेत आणि खाष्ट सासूला शोभेल अशा थाटात माझ्या आईला कणीक कशी मळायची ते शिकवत आहेत. त्या कधी परत येतील ते त्या ठरवतील, माझं मी ठरवीन. गाडी पाठवू नका.

अंकुरने यावं. मी जाब विचारणार नाही, ठरावही करणार नाही. फक्त मोजणी आता माझी राहील. डॉक्टरांनी २० ऑगस्टपासून दिवस धरले, तुम्ही १ सप्टेंबरपासून धरलेत. अंकुर बाप झाला तो दिवस मी तो या दारात येऊन उभा राहील तिथून धरणार आहे. बाळाची तारीख २७ मे आहे. त्याच्या नंतर आला, तर बाप म्हणून तो स्वतःच्या बाळापेक्षा लहान असेल.

हे त्याला वाचून दाखवा. आणि डायरीत नोंद करून ठेवा.

निकिता